गाठीखालचं पाणी

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर एक डाग आहे. वाटीच्या तळाएवढा, गोल, फिकट. लोणच्याची लिंबं चिरताना रस सांडला, रात्रभर तसाच राहिला आणि फरशीची तेवढी झिलई गेली ती गेली. मावशीनं राख घासून पाहिली, सोडा घासून पाहिला. शेवटी त्या डागावर पाण्याचा माठ ठेवून दिला.

"लिंबानं फरशी खाल्ली बघ," ती म्हणाली.

संपादकांचा फोन येऊन आठवडा झाला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'पाताळ'. गुहा, भुयारं, जमिनीखालच्या नद्या, छतावरून लोंबणारे दगडी झुंबरासारखे लवणस्तंभ असं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. "तुमच्या धाराशिवला लेणी आहेत ना, तिथूनच सुरू करा." मी त्यांना सांगितलं, तुम्ही म्हणताय त्या गुहा चुनखडकात होतात, आणि आमच्या जिल्ह्यात चुनखडक आहे तो फक्त लोकांच्या घरात, फरशीच्या रूपानं. ते म्हणाले, "मग तेच लिहा." एवढं मोकळं रान मिळाल्यावर नाही म्हणणं अवघड असतं.

लिंबू आणि डोंगर

शहाबाद आमच्यापासून लांब नाही. धाराशिव जिल्ह्याची हद्द कर्नाटकातल्या कलबुर्गीला लागते आणि त्याच जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतून निघालेल्या फरश्यांवर अर्धा मराठवाडा जेवायला बसतो. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडक म्हणजे एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर बसलेला चुना. त्याला आम्ल चालत नाही. मावशीच्या फरशीवर लिंबानं एका रात्रीत जे केलं, तेच पाऊस डोंगरावर लाखो वर्षं करत असतो.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा पितं, मातीत मुरताना आणखी पितं, कारण मुळं आणि कुजणारा पालापाचोळा यांच्या श्वासानं मातीतल्या हवेत तो कितीतरी पट जास्त असतो. मग हे पाणी अगदी सौम्य, जिभेला कळणारही नाही इतकं आंबट होतं. ते चुनखडकाच्या फटीत शिरतं आणि फटीच्या भिंती चाटत जातं. केसाएवढ्या फटीची बोटाएवढी होते. बोटाएवढीत जास्त पाणी मावतं, म्हणून ती आणखी लवकर रुंदावते. एक फट मोठी झाली की आजूबाजूचं पाणी तिच्याकडे धावतं, बाकीच्या उपाशी राहतात. होता होता जमिनीवरचा ओढा एका भोकात गडप होतो आणि दोन-चार कोसांवर कड्यातून नदी होऊन बाहेर पडतो. स्लोव्हेनियातल्या क्रास नावाच्या पठारावर हे सगळं ठळक दिसतं, म्हणून जगभर अशा भूमीला 'कार्स्ट' म्हणतात. मेघालयातली क्रेम लियाट प्राह ही अशीच गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. आंध्रातल्या बेलमची लांबी तीन किलोमीटरच्या वर, आणि तिच्या सगळ्यांत खोल जागी एक बारमाही झरा दगडात नाहीसा होतो. लोकांनी त्याचं नाव ठेवलंय पाताळगंगा. संपादकांना खरं तर तिकडेच जायला हवं होतं.

महाराष्ट्रातही चुनखडक आहे, पण तो पार पूर्वेला. वणी, राजुरा, कोरपना भागात. तिथले सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच उभे आहेत. त्याच्याही पलीकडे, बस्तरच्या कांगेर खोऱ्यात, कुटुमसरची गुहा आहे. तिच्या काळोखातल्या डबक्यांत एक बोटाएवढा मासा राहतो. त्याचा रंग उडालेला, डोळे खुरटलेले. शास्त्रज्ञांनी त्याची जात ओळखली तेव्हा धागा थेट पुण्याला येऊन पोचला. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याकडच्या ज्या माशाचं वर्णन केलं होतं, त्याच जातीचा हा गुहेतला भाऊबंद. आमच्या ओढ्यांतल्या दगडाखाली डोळस राहणारा मासा चुनखडकाच्या पोटात गेला आणि आंधळा झाला. आमच्या खडकात त्याला जायला जागाच नव्हती.

न विरघळणारा डोंगर

भाद्रपद संपत आला होता. मावसभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून लेण्यांकडे निघालो. गाव मागे पडलं, बालाघाटाच्या कडा सुरू झाल्या. सपाट पठारावरून चाललोय असं वाटत असतानाच जमीन एकदम खाली खचते आणि समोर घळ उघडते. या डोंगररांगेवरच पाण्याची वाटणी होते. पूर्वेकडच्या उतारावर पडलेला थेंब तेरणेत जातो, तेरणेतून मांजरेत आणि मग गोदावरीत. पश्चिमेला पडला तर सीना, भीमा आणि कृष्णा. एकाच ढगाचे दोन थेंब, एक राजमहेंद्रीकडे निघाला तर दुसरा विजयवाड्याकडे. समुद्र मात्र दोघांनाही एकच मिळतो.

घळीच्या पलीकडच्या कड्यात लेणी दिसतात. जेम्स बर्जेसनं त्यांची पाहणी करून १८७८ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीच्या तिसऱ्या खंडात त्यांची नोंद केली. कोरीव काम साधारण पाचव्या ते सातव्या शतकातलं मानतात. मूळची बौद्ध आणि पुढे जैनांकडे आलेली की आधीपासून जैनच, यावर अभ्यासकांत वाद आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा दिवाणखाना जवळपास ऐंशी फूट चौरस. अजिंठ्याच्या वाकाटक लेण्यांचा नमुना समोर ठेवून काढलेलं काम आहे हे पाहताक्षणी जाणवतं, फक्त इथे दगड जास्त खरबरीत. बाहेरच्या उन्हातून आत शिरलो की डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग आधी वटवाघळांचा वास येतो, मग खांब दिसतात, मग मागची भिंत. भिंतीवर काळपट ओल होती, छताजवळच्या एका तिरक्या रेघेतून पसरत खाली आलेली. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, तरी हात लावला तर बोटं ओली झाली.

ही पोकळी पाण्यानं केलेली नाही. आमचा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून उसळून पसरलेला आणि थंड झालेला लाव्हा. एक लोट आला, थिजला. मग काही काळ शांतता. वरचा पापुद्रा झिजून माती झाली, तिच्यावर पुढचा लोट आला आणि ती माती भाजून लाल झाली. असं पुन्हा पुन्हा झालं. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग या थरांचाच आहे. पाणी या दगडाला कुजवतं, मऊ करतं, त्याचा मुरूम करतं, पण विरघळवून त्यात दालनं काढणं त्याला जमत नाही. म्हणून आमच्याकडे गुहा हव्या होत्या त्या माणसांनी छिन्नी-हातोडा घेऊन काढल्या. पाणी नंतर आलं, तयार घरात.

करकंडू राजानं फोडलेली गाठ

लेण्यातल्या या पाण्याची एक गोष्ट आहे, आणि ती हजार वर्षं जुनी आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' नावाचं काव्य लिहिलं. त्याचं संपादन करून हिरालाल जैन यांनी ते १९३४ मध्ये वऱ्हाडातल्या कारंजाच्या जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केलं. काव्यातलं तेरापूर म्हणजे आपलं तेर आणि त्याच्याजवळच्या डोंगरातली लेणी म्हणजे धाराशिवची, ही ओळख त्यांनीच पटवून दिली. तेर म्हणजे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथातलं तगर, गोरोबाकाकांचं गाव. लेण्यांपासून ते फार दूर नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. चंपेचा राजा करकंडू दक्षिणेच्या स्वारीवर असताना तेरापुराजवळ मुक्काम करतो. तिथला राजा त्याला डोंगरातलं मोठं लेणं दाखवतो आणि वरच्या एका वारुळाबद्दल सांगतो. एक हत्ती रोज सोंडेतून पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. वारूळ उकरल्यावर पार्श्वनाथाची मूर्ती निघते. पुढे लेण्यातल्या जुन्या मूर्तीच्या सिंहासनावर राजाला एक गाठ दिसते, दगडाचा एक उंचवटा, सगळ्या शोभेत खटकणारा. तो जुन्या कारागिराला विचारतो. कारागीर सांगतो, लेणं कोरताना इथं पाण्याची शीर फुटली होती, ती बंद करायला ही गाठ ठेवली. राजा ऐकत नाही. गाठ फोडायला लावतो. पाण्याचा लोंढा सुटतो आणि लेणं भरून जातं. पुढे देव प्रकट होतो, पूर्वजन्म उलगडतात. ते सगळं धर्मकथेच्या रीतीनं.

मला या कथेत हत्तीपेक्षा, देवापेक्षा तो कारागीर जास्त खरा वाटतो. दगड कोरणाऱ्या कुणीतरी कवीच्या कानावर घातलेली ही हकीकत असणार. बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे नसतं. हातभर दगड कोरडा ठणठणीत आणि पुढच्या घावाला चीर लागली की धार, हे ज्यानं छिन्नी चालवली त्यालाच माहीत. त्यानं मुकाट्यानं गाठ बसवली आणि पुढे काम केलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या लेणी कोरणाऱ्यांनी याच स्वभावाचा उलटा उपयोग केला. कान्हेरी, जुन्नरच्या डोंगरांत त्यांनी पाण्याची टाकी खोदली, आणि त्या टाक्यांची दानं शिलालेखांत 'पोढी' म्हणून कोरून ठेवली. चीर कुठे वाहू द्यायची आणि कुठे बुजवायची, हे त्यांना कळत होतं.

भाऊ बाहेर दगडावर बसून मोबाईल पाहत होता. मी त्याला गाठीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आमच्याकडं उलटं हाय. आम्ही रोज गाठी फोडायलाव, पण लोंढा काय निघंना."

चारशे फुटांनंतर

त्याच्या मित्राच्या शेतात त्या रात्री बोरची गाडी येणार होती. आम्ही जेवून तिकडे गेलो. सोयाबीन काढणीला आलेलं, बांधावर ट्रॅक्टरचे दिवे लावलेले, मध्ये राक्षसासारखी गाडी उभी. या गाड्या बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. पोरंही तिकडचीच, पण मराठीतले 'फूट', 'पाणी', 'केसिंग' आणि 'पैसे' हे चार शब्द त्यांना पक्के येतात, आणि धंद्याला तेवढे पुरतात.

जागा पाणाड्यानं दाखवलेली होती. सकाळी तो तळहातावर आडवा नारळ घेऊन शेतभर फिरला, इथे येताच नारळ उभा राहिला. काही पाणाडे कडुलिंबाची बेचक्याची फांदी घेतात. जन्मताना पाय आधी आलेला माणूस, पायाळू, त्याला तर जमिनीतलं पाणी दिसतंच असं म्हणतात. माझा यावर विश्वास नाही, पण पाणाड्याला मी हसलोही नाही. जुन्या पाणाड्यांना उंबर कुठे उगवतो, वारूळ कुठे आहे, नाल्याचं वळण कसं आहे, कोणाच्या विहिरीला कुठल्या अंगानं झरे आहेत हे ठाऊक असतं. नारळ हा बहुधा त्या माहितीचा नुसता मुखवटा.

भुकटीवर सगळ्यांची नजर. पहिल्या रॉडला तांबूस-पिवळा मुरूम निघाला. मग निळसर राखाडी पूड, म्हणजे काळा पाषाण. "पाषाण लागला," असं कुणीतरी उगीचच बोललं, सगळ्यांनाच दिसत होतं. पाषाण अखंड असेल तर त्यात पाणी शोधणं म्हणजे जात्याच्या पाळीत रस शोधणं. नंतर पुडीत पांढरे ठिपके दिसू लागले. हा मांजऱ्या. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि नंतर त्या भोकांत पांढरे स्फटिक भरले. हा खडक मऊ, लवकर झिजणारा, त्यात थोडंफार पाणी धरतं. मग एकाएकी धूळ लाल झाली, ट्रॅक्टरच्या उजेडात कुंकवासारखी. गेरू. दोन लोटांच्या मधली ती भाजलेली माती. तिच्या वरच्या बाजूला पाणी अडतं, म्हणून म्हातारा मालक पुढे झाला. वाफेसारखा ओलसर फवारा आला, दोन मिनिटं चिखल उडाला आणि पुन्हा कोरडी धूळ.

"अर्धा इंची बी नाही," म्हातारा म्हणाला. "जाऊ द्या आणखी."

दर फुटाला भाव असतो आणि खोल जाईल तसा तो चढतो. चारशे फुटांनंतर कुणी बोलेना. पाचशेला मुलगा म्हणाला, "आबा, बास करू या." म्हातारा म्हणाला, "खाली नदी हाय. शेजारच्यानं सातशेला लावली." मग सहाशे. सहाशे वीसला मशीन थांबलं तेव्हा पहाट झाली होती. गाडीवरच्या पोरानं अंगावरची पांढरी भुकटी झटकली आणि हिशोबाची वही काढली.

स्पंज, आणि त्याचे वाटेकरी

खाली नदी आहे, हा विश्वास चुनखडकाच्या देशात खरा ठरला असता. आमच्याकडे नदी नाही, नुसता एक पातळ, फाटका स्पंज आहे. वरचा मुरूम, त्याखालचा भेगाळलेला पाषाण, मांजऱ्या आणि दोन लोटांमधले सांधे, यांत मिळून काय साठेल ते. यातला बराचसा साठा वरच्या पन्नास-साठ मीटरांत असतो. त्याखाली चिरा कमी, बारीक आणि दाबून मिटलेल्या. कुणाला सातशे फुटांवर पाणी लागतं ते एखाद्या खोल उभ्या चिरेतलं, जी वरपासून खालपर्यंत गेलेली असते. तिचं तोंड वरच्याच स्पंजात. म्हणजे त्यानं पाताळातलं काही आणलेलं नसतं, शेजाऱ्याच्या विहिरीतलंच खालून ओढलेलं असतं. शेजाऱ्याची पाच परसांची विहीर मग एप्रिलऐवजी फेब्रुवारीत तळ दाखवते. तोही आधी विहिरीत आडवे बोर मारतो, आणि त्यानं भागलं नाही की उभा.

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक गावोगावच्या निरीक्षण विहिरींत दोर सोडून पातळी मोजत आले आहेत. भूजलाचा २००९ चा कायदा ६० मीटरपेक्षा जास्त खोल गेलेल्या विहिरीला 'खोल विहीर' म्हणतो आणि तिच्यावर लगाम घालतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. त्या रात्री आम्ही कायद्याच्या तिप्पट खाली होतो. कायदा कुणाला ठाऊक नव्हता असं नाही, पण रात्री अडीच वाजता सोयाबीनच्या रानात त्याची आठवण काढणार कोण? मार्च लागला की तहसीलमधून विहीर अधिग्रहणाचे आदेश निघतात, टँकरच्या खेपा ठरतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. आमच्या गावांना ते नवं वाटलं नाही, फक्त टँकरला रूळ लागले होते.

आणि पाताळ? ते आपण खरंच पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा आणि लोहाऱ्याकडची गावंही त्यात जमीनदोस्त झाली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत लाव्ह्याचे थर. त्याखाली फक्त आठ मीटर जाडीचा गाळाचा जुना थर, म्हणजे लाव्हा येण्याआधीची जमीन. मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी पाया. दालनं नाहीत, नदी नाही, समुद्र नाही. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. मराठवाड्यात आता हजार फुटी बोर ऐकायला मिळतात. धाराशिव उंचावर आहे, इथं थर आणखी जाड असणार. पण किल्लारीच्या अंगाला हजार फुटांवर गेलेला माणूस कोटी कोटी वर्षांच्या लाव्ह्याच्या तळापाशी उभा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जमिनीतून गूढ आवाज आला की अजूनही लोक घराबाहेर धावतात आणि म्हणतात, पाणी उपसून उपसून खाली पोकळी झाली. किल्लारीच्या छिद्रानं त्या पोकळीला काही आधार दिलेला नाही. पण उपशाबद्दल मनात काहीतरी टोचत असल्याशिवाय ही समजूत इतकी टिकली नसती.

पाण्यातली खोली

परतीच्या आधी तुळजापूर झालं. गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली भाविक ओंजळ धरतात, कल्लोळ तीर्थात सगळी तीर्थं एकवटली असं मानतात. तुळजापूर बालाघाटाच्या अगदी कडेवर आहे. पठारावर मुरलेलं पाणी गेरूसारख्या एखाद्या अडणाऱ्या थरावरून सरकत सरकत जातं आणि कडा आली की झरा होऊन बाहेर पडतं. अशा कडेवर, अशा धारेपाशी देवस्थानं वसावीत यात नवल नाही.

मग नळदुर्ग. बोरी नदीवर किल्ल्यातच घातलेला बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणी महाल, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला. यंदा बोरीला पाणी चांगलं होतं, नर-मादी हे दोन्ही धबधबे पडत होते. अंधारी पायऱ्या उतरून महालात गेलो. वरून नदी जातेय, समोर खिडकीबाहेर पाण्याचा पडदा, आणि आपण कोरड्या फरशीवर उभे. आवाज इतका की भाऊ काहीतरी ओरडून सांगत होता ते नुसतं ओठांवरून समजून घ्यावं लागलं.

तो भिंतीकडे बोट करत होता. दोन चिऱ्यांच्या सांध्यातून पाणी झिरपलं होतं आणि मागे पांढरा ओघळ ठेवून गेलं होतं. ओघळाच्या टोकाला मुगाएवढा टणक दाणा, त्यावर थेंब. दख्खनेत जुन्या बांधकामाला चुना मिळायचा तो काळ्या रानातल्या चुनखडीच्या खड्यांपासून. खडे भट्टीत भाजायचे, घाणीत मळायचे, भिंतीत भरायचे. बेसाल्टच्या पोटातला कॅल्शियम पाण्यानं रानात आणला, माणसानं भिंतीत नेला आणि पाणी तो आता पुन्हा थेंबाथेंबानं सोडवून घेत होतं. लवणस्तंभ होतो तो असाच. संपादकांना हवा होता तो हाच असेल, तर चारशे वर्षांत तो मुगाएवढा झालाय.

मी नखानं तो दाणा खरवडायला गेलो. वरच्या पायरीवरून रखवालदाराची शिट्टी वाजली. "ओ साहेब, हात नका लावू. आणि या आता वर, बंद करायची वेळ झाली."